माहिती अधिकाऱ्याची प्रश्नपत्रिका

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला बसणाऱ्या उमेदवाराला एक वैकल्पिक विषय निवडावा लागतो. त्या यादीत पशुसंवर्धन आहे, भूगर्भशास्त्र आहे, तत्त्वज्ञान आहे, मराठी साहित्यही आहे. पत्रकारिता नाही. आपल्या राज्याच्या आयोगाने राज्यसेवेची मुख्य परीक्षा केंद्राच्या धर्तीवर वर्णनात्मक करायचे ठरवले, त्यावरून २०२३ च्या फेब्रुवारीत पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि अखेर ही नवी पद्धत २०२५ पासून लागू करावी असे ठरले. एवढ्या गदारोळात जी नवी यादी आली तीतही पत्रकारिता नाही. शेजारच्या पाकिस्तानात 'पत्रकारिता आणि जनसंज्ञापन' हा शंभर गुणांचा ऐच्छिक विषय तिथल्या केंद्रीय सेवेच्या परीक्षेत आहे. आपल्याकडे हा विषय शिकून सरकारी सेवेत जायचे तर दुसऱ्या दाराने जावे लागते.

ते दार असे. राज्य शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयात जिल्हा माहिती अधिकारी, सहायक संचालक, माहिती अधिकारी अशी पदे असतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत ती भरली जातात आणि त्यांना पत्रकारितेचे शिक्षण लागते. केंद्राकडे भारतीय माहिती सेवा आहे; १९६० साली ती केंद्रीय माहिती सेवा या नावाने सुरू झाली. तिच्या 'अ' गटात माणूस जातो तो नागरी सेवा परीक्षेतल्या क्रमांकावर. त्याने पत्रकारितेचे पुस्तक उघडलेले असलेच पाहिजे असे नाही. 'ब' गटाच्या जागा मात्र स्वतंत्र भरल्या जातात आणि तिथे पत्रकारितेची पदवी वा पदविका हवी असते. म्हणजे यंत्रशास्त्र शिकलेला मुलगा मोठ्या दाराने आत जातो आणि मग दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेत बसून बातमी म्हणजे काय ते शिकतो; जो आधीच शिकून आला आहे त्याला धाकटे दार. सरकारी व्यवस्थेत अशा गमती असतात. त्यांची कारणे शोधत बसू नये.

(इथे एक खुलासा केलेला बरा. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली प्रत्येक कार्यालयात जो 'जन माहिती अधिकारी' असतो, तो हा नव्हे. तो मागितल्यावर माहिती देतो, किंवा देत नाही. आपण बोलतो आहोत तो न मागता माहिती देणारा. नावातल्या या साम्यामुळे जिल्हा माहिती कार्यालयात अर्ज घेऊन आलेल्या माणसाला तहसीलकडे परतावे लागते, हाही जनसंज्ञापनाचाच एक धडा.)

आता वरवे बुद्रुक. पुण्याहून कात्रज ओलांडून साताऱ्याच्या रस्त्याला लागावे, खेड-शिवापूरचा टोलनाका मागे टाकावा, की शिवगंगेच्या खोऱ्यात भोर तालुक्यातले हे गाव लागते. शेजारी वरवे खुर्द, पुढे नसरापूर, कापूरहोळ. भोर हे एकेकाळी पंतसचिवांचे संस्थान होते. वरवे गाव संस्थानी इतिहासातही फारसे पुढे नाही आणि किल्ल्यांच्या वाटेवर जाणारी मंडळीही इथे थांबत नाहीत. पण गेल्या काही वर्षांत या गावाचे नाव सरकारी कागदांत एकसारखे दिसू लागले आहे. ते का, ते पुढे येईलच.

माझ्या नात्यातली एक मुलगी या गावची. बीए झाली, पत्रकारितेची पदविका घेतली, एका साप्ताहिकात काही दिवस उमेदवारी केली आणि आता माहिती अधिकाऱ्याच्या परीक्षेची तयारी करते. पुण्यात नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत तिची एक खुर्ची, टेबल आणि दिव्याखालची जागा आहे. तिच्यासारखी हजारो मुले त्या भागात आहेत. फरक एवढाच की कलेक्टर व्हायला आलेल्या मुलांना मार्गदर्शन करणारे चौकाचौकात आहेत आणि हिच्या विषयाला जेमतेम एक-दोन पुस्तके. बाकी सगळे स्वतःच्या टिपणांवर.

ती टिपणे मी पाहिली. अक्षर सुरेख. हॅरॉल्ड लॅसवेलचे १९४८ चे सूत्र: कोण बोलतो, काय बोलतो, कोणत्या माध्यमातून, कोणाशी आणि परिणाम काय. शॅनन आणि वीव्हर यांचे १९४९ चे प्रारूप आणि त्यातला 'गोंगाट'. सीबर्ट, पीटरसन आणि श्रॅम यांचे वृत्तपत्रांच्या चार सिद्धांतांचे १९५६ चे पुस्तक. मॅकब्राइड आयोग, १९८०. पहिला वृत्तपत्र आयोग, दुसरा वृत्तपत्र आयोग. 'दर्पण', ६ जानेवारी १८३२. 'मूकनायक', ३१ जानेवारी १९२०. वृत्तपत्र नोंदणीचा १८६७ चा कायदा तिने खोडला होता आणि शेजारी लिहिले होते : २०२३ चा नवा कायदा, १ मार्च २०२४ पासून लागू. बाजारातल्या पुस्तकात जुनाच होता, तिने सुधारून घेतला. मुलगी हुशार आहे.

एका पानावर चौकटीत लिहिले होते : 'पुणे रेडिओ प्रकल्प, १९५६, युनेस्को, १५० गावे.'

मी विचारले, "हे पुणे म्हणजे कुठलं पुणे?"

ती हसली. "काका, आपलंच पुणे."

"आणि गावं कुठली?"

"गावं दीडशे."

दीडशे एवढे तिला पाठ होते. पुस्तकात तेवढेच दिले असणार, आणि प्रश्न आला तर चार पर्यायांतून तेवढेच ओळखायचे असणार. तिला दोष नाही. पण या चौकटीतल्या एका ओळीत काय दडले आहे ते सांगितलेच पाहिजे, कारण आपल्या जिल्ह्यात घडलेली ही गोष्ट जगभरच्या संज्ञापनाच्या पुस्तकांत आहे आणि जिल्ह्यात मात्र कोणाच्या गावी नाही.

पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. कॅनडात शेतकऱ्यांची रेडिओ-मंडळे चालत. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा आणि त्यावर चर्चा करायची, अशी ती कल्पना. ती इकडे करून पाहायचे युनेस्कोच्या साहाय्याने ठरले. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत अशी मंडळे बसली. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, एकूण वीस कार्यक्रम मराठीतून झाले. गावातली पंधरा-वीस माणसे रेडिओभोवती बसत. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून बोलत. आणि यातला खरा भाग पुढेच आहे. त्या बोलण्यातून निघालेले प्रश्न, शंका, हरकती कागदावर उतरवून केंद्राकडे पाठवल्या जात आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरे मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. मंडळ असलेल्या गावांची मंडळ नसलेल्या गावांशी तुलना केली, तेव्हा मंडळे असलेल्या गावांत लोकांचे ज्ञान स्पष्टपणे वाढलेले दिसले. आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर आणि पाहणी करणारे पॉल न्यूराथ यांचा त्यावरचा ग्रंथ युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला.

अमेरिकेतल्या इलिनॉयमधून वृत्तपत्रांच्या चार सिद्धांतांचे पुस्तक निघाले तेही १९५६ सालीच. त्या पुस्तकाची चार प्रकरणे आमच्या मुलांना पाठ असतात. त्याच वर्षी पुण्याच्या आसपासची अंगठाबहाद्दर माणसे रेडिओला उलट प्रश्न विचारत होती, ते एका ओळीत उरकते.

तिचे आजोबा ओसरीवर बसून हे ऐकत होते. ते तेव्हा पोरसवदा असणार. मी विचारले, "तात्या, तुमच्याकडं होतं का असं मंडळ?" ते म्हणाले, "आठवत नाही. रेडू पहिल्यांदा ऐकला तो नसरापूरच्या बाजारात. पण रेडूला उलट विचारायचं, हे काय डोक्यात आलं नव्हतं बाबा. विचारणार कुणाला?"

तात्यांचा प्रश्न अजून शिल्लक आहे. त्याच घरात, देवघराच्या फळीवर, एक नोटीस घडी घालून ठेवलेली होती.

वरव्याचे नाव सरकारी कागदांत का येते, ते आता सांगतो. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचा पुण्याभोवतीचा वर्तुळाकार रस्ता पूर्व आणि पश्चिम अशा दोन भागांत आखला आहे. मावळातल्या उर्सेपासून निघालेले हे दोन्ही भाग साताऱ्याच्या रस्त्याला येऊन मिळतात ते वरवे बुद्रुकला. रुंदी ११० मीटर. हा एक झाला. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचाही एक वेगळा वर्तुळाकार रस्ता आहे, तो आतला, ६५ मीटरचा. वर्तमानपत्रांत दोघांचेही नाव 'रिंगरोड'. त्यात गावाला चिकटून राष्ट्रीय महामार्ग, त्याचे रुंदीकरण आणि पूल यांची कामे निराळी. पुण्याच्या पंचक्रोशीतल्या माणसाला रिंगरोडची बातमी वाचून आपली जमीन जाते की शेजारच्या तालुक्यातली, हे कळायला मार्ग नसतो. मोजणीला माणसे आली तेव्हा अनेक गावांनी विरोध केला. त्या विरोधात संताप होता, जमिनीची माया होती. आणि 'नक्की काय चालले आहे ते कोणी सांगत नाही' ही तक्रारही होती, हे विसरता कामा नये. भरपाईचा दर ठरवणे माहिती अधिकाऱ्याच्या हातात नाही. नक्की काय चालले आहे ते सांगणे मात्र त्याचेच काम.

फळीवरची नोटीस कोणत्या कार्यालयाची होती ते इथे महत्त्वाचे नाही. मुलीने ती वाचलेली नव्हती. "ते दादा बघतो," ती म्हणाली. दादाने ती ज्याला दाखवली होती तो जमिनीचे व्यवहार जुळवणारा एजंट. मी म्हटले, "काढ ती खाली आणि वाच. लॅसवेल लावून वाच."

तिने वाचली. पहिले वाक्य नऊ ओळींचे होते. 'ज्याअर्थी' पासून 'त्याअर्थी' पर्यंत पोहोचताना तिला दोनदा मागे यावे लागले. 'हितसंबंधित व्यक्ती' म्हणजे कोण, असे तिच्या वडिलांनी मधेच विचारले. "म्हणजे तुम्हीच, आप्पा," ती म्हणाली. आप्पांना त्याचे नवल वाटले. आपण शेतकरी आहोत, खातेदार आहोत, कर्जदार आहोत, हे त्यांना ठाऊक होते. हितसंबंधित आहोत हे कोणी सांगितले नव्हते. मग तिने डायरीच्या मागच्या पानावर लिहून काढले : कोणता गट नंबर, त्यातले किती क्षेत्र, विहीर त्यात येते का, झाडांची नोंद कोण करणार, हरकत घ्यायची तर कोणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत. सहापैकी दोन प्रश्नांची उत्तरे नोटिशीत होती. तारीख होती, पण ती दिवसांत मोजलेली. कोणत्या दिवसापासून मोजायची ते शोधायला पुन्हा पहिल्या वाक्यात शिरावे लागले.

अर्ध्या तासात त्या मुलीने जे केले ते तिच्या परीक्षेचा खरा अभ्यासक्रम आहे, असे माझे मत आहे. ते प्रश्नपत्रिकेत कुठेच नाही, हे माझे दुखणे.

दिवसांच्या मोजणीचेच पाहा. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात प्राथमिक अधिसूचना कशी पोहोचवायची ते कलम ११ मध्ये नीट लिहिले आहे : राजपत्रात, त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत आणि त्यांतले एक स्थानिक भाषेतले, ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात स्थानिक भाषेतून, सरकारी संकेतस्थळावर आणि प्रत्यक्ष त्या जागेच्या परिसरात. त्यावर हरकत घ्यायला साठ दिवस. राष्ट्रीय महामार्गाचा १९५६ चा कायदा निराळा. तिथे अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यायचा आणि हरकतीला एकवीस दिवस. शेताचा बांध तोच, शेतकरी तोच. पण कोणत्या कायद्याखाली कागद आला आहे यावर त्याच्या हातात तीन आठवडे आहेत की दोन महिने, हे ठरते. जनसंज्ञापनाच्या दृष्टीने याहून मोठी बातमी कोणती? आणि अशा प्रकल्पांवरची सरकारी प्रसिद्धिपत्रके काढून पाहा. वाहतूक कोंडी फुटणार, विकासाला चालना मिळणार, उद्योगांना बळ मिळणार, मान्यवरांची उपस्थिती. हरकतीची मुदत कोणत्या तारखेला संपते, ते मी तरी क्वचितच वाचले आहे.

कायदा 'प्रसिद्ध करा' म्हणतो, 'समजावून सांगा' म्हणत नाही. दैनिकाच्या आतल्या पानावर, बारीक टायपात, नऊ ओळींच्या वाक्यात छापले की प्रसिद्ध झाले. फाइलवर कात्रण लागले की काम संपले. मी बँकेत नोकरी केली आहे आणि कात्रण फाइलला लावण्यातले समाधान मला परिचयाचे आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका बँकेच्या ग्रामीण शाखेत होतो. वरिष्ठ कार्यालयाकडून छापील नोटिसा येत, आपण फक्त नाव आणि रक्कम भरायची. त्यांत 'योग्य ती कायदेशीर कारवाई करण्यात येईल' असे एक वाक्य असे. ती नोटीस गेली की दुसऱ्या दिवशी म्हातारी माणसे जेवणाचा डबा आणि घोंगडी घेऊन शाखेत येत. त्यांना वाटे, अटक होणार. प्रत्यक्षात कर्जाची मुदत वाढवून मिळण्याची सोय होती आणि तिचा उल्लेख मागच्या बाजूला, इंग्रजीत होता. आमचा शिपाई, जेमतेम सातवी झालेला, दारातच त्यांना सांगे : "घोंगडी घरी न्या, सातबारा घेऊन या." त्या शाखेतला जनसंपर्काचा सर्वांत लायक माणूस तोच, असे माझे तेव्हाही मत होते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. एका माजी अधिकाऱ्यांनीच तो माझ्यापुढे ठेवला. ते म्हणाले, "माहिती अधिकारी सरकारचा पगार घेतो. लोकांनी सरकारच्या प्रकल्पावर हरकत कशी घ्यावी, हे त्यानं शिकवायचं? वकिली आहे का ती?" मी त्यांना विचारले, की हरकतीची मुदत कोणी घातली? कायद्याने. कायदा कोणी केला? संसदेने. मग ती मुदत सांगणे सरकारविरोधी कसे? ते गप्प बसले नाहीत, म्हणाले, "तुम्ही नोकरीत असता तर असं बोलला नसता." असेलही. वरून 'ही ओळ गाळा' असा निरोप आला तर काय करायचे, याचे उत्तर कोणत्याही प्रारूपात नाही. पण ती ओळ मुळात लिहिता येणारा, ती महत्त्वाची आहे हे ओळखणारा माणूस त्या खुर्चीत बसला, तरच गाळण्याचा प्रश्न येतो. आज ती ओळ सुचतच नाही.

पत्रकारिता शिकून सरकारात जाणे म्हणजे पलीकडच्या गोटात जाणे, असे आमच्या पिढीतले पत्रकार म्हणत. मला ते तितकेसे पटत नाही. बातमीदार विचारतो, हा सांगतो. दोघांना ऐकणारा माणूस एकच. मुलीच्या टिपणांत इतिहासाच्या भागात 'दीनमित्र' हे नाव अर्ध्या ओळीत होते. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली सुरू केलेले हे पत्र पुढे नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून निघत असे. मुकुंदराव हे कृष्णराव भालेकरांचे पुत्र, म्हणजे १८७७ साली 'दीनबंधु' काढणाऱ्याच्या घरातले. पुण्या-मुंबईला सगळी सोय असताना खेड्यात बसून पत्र चालवायचे, तर वाचणारा माणूस डोळ्यांसमोर असतो आणि त्याला न कळणारे वाक्य लिहिले तर तो पारावर अडवतो. माहिती अधिकाऱ्याला नेमके एवढेच लागते, की त्याला कोणी तरी पारावर अडवले पाहिजे. तो बसतो जिल्ह्याच्या गावी. त्याला अडवतो तो फक्त वरचा साहेब.

आयोगाच्या अडचणी मला समजतात. उमेदवार पुष्कळ, चाळणी परीक्षा वस्तुनिष्ठ, उत्तरे यंत्राने तपासायची. यंत्राला लॅसवेलचे साल तपासता येते, आप्पांना समजले की नाही ते तपासता येत नाही. त्यामुळे चार पर्याय आणि एक गोल यातून सुटका नाही, हे धरून चालू. पण मुलाखत तर माणसेच घेतात. तिथे 'माध्यमांपुढील आव्हाने' असले प्रश्न विचारण्यापेक्षा उमेदवाराच्या हातात एक खरी नोटीस द्यावी, दहा मिनिटे आणि एक कोरा कागद द्यावा. ज्याची जमीन आहे त्याला कळेल असे शंभर शब्दांत लिही, म्हणावे. आणि तो उलट काय विचारील ते तीन प्रश्न खाली लिही. कागद तपासायला मंडळावर एखादा खातेदार बसवता आला तर उत्तम. नियमात बसणार नाही, असे सांगतील. ठीक आहे, मग निदान नोटीस तरी नमुन्याची नको, खरी असावी. वरवे बुद्रुकहून मागवता येईल. तिथे त्यांचा तुटवडा नाही.